परदेशी वेबसाइटवरून सायकलचे पार्ट मागवून विकायचेत? आधी हा हिशेब करा



गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलाय. "सर, जर्मनीच्या साइटवर हा पार्ट दोन हजारला दिसतोय. इथला डीलर मला बत्तीसशे सांगतो. मग मी थेट बाहेरून मागवून दुकानात विकला तर?" विचारणारे बहुतेक जण सायकलचं दुकान टाकायच्या तयारीत आहेत, किंवा घरचं जुनं दुकान आहे आणि त्यात गिअरवाल्या सायकलींचं काम वाढवायचंय. व्हिडिओत फळ्यावर आकडे भरभर लिहिले गेले, म्हणून इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊनच बसा.

उत्तर आधीच सांगून टाकतो. मागवता येतं, मी स्वतः मागवतो. पण साइटवर दिसणारी किंमत ही तुमची खरेदी किंमत नसते. पार्ट तुमच्या काउंटरवर येऊन, गिऱ्हाइकाच्या सायकलला बसून, त्याचं बिल फाडेपर्यंत जो खर्च होतो ती तुमची खरेदी किंमत. हा फरक मला चाळीस हजार घालवून कळला.

माझे चाळीस हजार कसे अडकले

आमचं दुकान नाशिकला, पंचवटीत. बाबांनी काळ्या सायकलींच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली. बीबीए करून मी दुकानात बसायला लागलो तेव्हा शहरात गिअरवाल्या सायकलींची हवा होती. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली होती, २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. ब्रेव्हेला जाणारे लोक वाढत होते. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर, ठरलेल्या वेळेत. या लोकांना पार्ट चांगला लागतो आणि लवकर लागतो.

मे २०१८ मध्ये एका परदेशी साइटवर सेल लागला होता. मी सहा टियाग्रा रिअर डिरेलर आणि सहा कॅसेट कार्टमध्ये टाकल्या. वाहतूक धरून पंचवीस हजारांच्या आत. इथल्या भावाशी तुलना केली आणि मनातल्या मनात नफा मोजून मोकळा झालो. पैसे कुठले? जूनमध्ये शाळा सुरू होतात, त्याआधी आम्ही लहान सायकलींच्या ट्यूब, टायर, ब्रेक शू, सीट भरून ठेवतो. त्यासाठी बाबांनी चाळीस हजार बाजूला काढले होते. ते मी मागून घेतले.

मग एकेक गोष्ट उघडी पडत गेली.

पहिली, कुरियरचा फोन आला. केवायसी द्या, ड्युटी भरा. मी आधार कार्ड पाठवून दिलं. ड्युटी, कर, कुरियरचे चार्जेस, कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क, असं सगळं धरून आकडा ३९ हजारांवर गेला.

दुसरी, आमच्या सीए मॅडमनी विचारलं, "हे खरेदीत कसं दाखवू? माल तुझ्या स्वतःच्या नावावर, वैयक्तिक वापरासाठी म्हणून आलाय. दुकानाचा जीएसटी नंबर कुठेच नाही." म्हणजे भरलेल्या कराचं क्रेडिट नाही, आणि मुळात वैयक्तिक वापराच्या नावाखाली आणलेला माल दुकानात विकणंच चूक.

तिसरी सगळ्यात महागात पडली. डिरेलर माझ्या गिऱ्हाइकांच्या सायकलींना चालेनात. त्यांचे शिफ्टर दहा स्पीडचे, माझा डिरेलरही दहा स्पीडचा. पण टियाग्राची ४७०० मालिका आधीच्या दहा स्पीड रोड मालिकांपेक्षा वेगळ्या हिशेबाने केबल ओढते. एका क्लिकला केबल जितकी सरकायला हवी तितकी सरकत नाही, त्यामुळे चेन दोन दात्यांच्या चकत्यांमध्ये घुटमळत राहते. दोन दिवस मी ॲडजस्ट करत बसलो. त्यातल्या एका गिऱ्हाइकाचं जुलैतलं ३०० चं ब्रेव्हे हुकलं. त्या मोसमातल्या चारही ब्रेव्हे पूर्ण करायच्या म्हणून ते वर्षभर घाम गाळत होते. आगाऊ घेतलेले पैसे मी परत केले. ते काही बोलले नाहीत, पण नंतर दोन वर्षं दुकानात आले नाहीत.

आणि जूनमध्ये वीस इंची ट्यूब मागायला आलेल्या पालकांना आम्ही "संपली" म्हणून परत पाठवत होतो. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, जे रोज विकतं त्याचे पैसे तू कधीतरी विकणाऱ्यात घातलेस."

मी यात तीन चुका केल्या. खर्चाचा पूर्ण हिशेब केला नाही, कागद दुकानाच्या नावावर ठेवले नाहीत, आणि पार्ट कुठे बसतो हे तपासलं नाही. तिन्ही एकेक करून बघू.

बाहेरची किंमत इतकी कमी का दिसते?

दोन-तीन खरी कारणं आहेत. एक म्हणजे मोठ्या दुकानांची खरेदी अवाढव्य असते. दुसरं, काही पार्ट सायकल कंपन्यांसाठी बनवलेल्या साध्या पॅकिंगमधले असतात, रंगीत खोक्याशिवाय. तिसरं कारण कराचं. जर्मनीत दिसणाऱ्या किमतीत १९ टक्के व्हॅट धरलेला असतो. माल युरोपीय संघाबाहेर जाणार असेल तर बरीच दुकानं तो वजा करतात. पण हिशेब नीट करा. ११९ युरोच्या वस्तूत मूळ किंमत १०० आणि कर १९ असतो. म्हणजे दिसणाऱ्या किमतीतून १९ टक्के जात नाहीत, साधारण १६ टक्के जातात. आणि काही साइट भारताचा पत्ता टाकल्यावर लगेच व्हॅट वजा करून किंमत दाखवतात. तिथे तुम्ही पुन्हा वजा करून हिशेब केलात तर फसलात.

आपल्याकडच्या सायकलवाल्यांनी वर्षानुवर्षं ज्या दुकानातून माल मागवला त्या 'चेन रिॲक्शन सायकल्स'ची गोष्ट नवीन धंदा करणाऱ्यांनी माहिती करून घ्यावी अशी आहे. १९८५ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिन्युअर नावाच्या खेड्यात वॉटसन दांपत्याने टाकलेलं ते एक छोटं सायकलचं दुकान होतं. मग टपालाने ऑर्डर घेऊ लागले, मग इंटरनेटवर आले आणि जगभर विकू लागले. २०१६ मध्ये ते इंग्लंडच्या 'विगल'मध्ये विलीन झालं. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही एवढी मोठी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढच्या वर्षी ब्रँडची नावं दुसऱ्या ब्रिटिश समूहाने विकत घेतली. आपल्यासाठी यातला धडा साधा आहे. तुमचा सगळा पुरवठा सातासमुद्रापलीकडच्या एकाच साइटवर अवलंबून असेल, तर तिकडचं शटर पडलं की तुमचं कपाट रिकामं.

चिनी बाजाराचंही तसंच. अलीएक्स्प्रेसवरून बरेच छोटे दुकानदार सटरफटर माल मागवायचे. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने ज्या ४३ ॲपवर बंदी घातली त्यात ते होतं. एका दिवसात रस्ता बंद.

आता आकडेमोड

हे उदाहरण आहे. हिशेब सोपा जावा म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये धरलाय आणि बेसिक कस्टम ड्युटी २० टक्के धरली आहे. तुमच्या पार्टचा त्या दिवशीचा दर तुम्हाला तपासावाच लागेल, कारण तो वस्तूच्या एचएस कोडवर ठरतो आणि बजेटमध्ये बदलू शकतो. सायकलच्या पार्टचा कोड ८७१४ ने सुरू होतो. पण टायर ४०११ मध्ये, ट्यूब ४०१३ मध्ये आणि चेन ७३१५ मध्ये येते. म्हणजे एकाच खोक्यातल्या चार वस्तूंना चार वेगळे दर लागू शकतात. दर कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर बघता येतो.

समजा, दहा नग आहेत. साइटवर किंमत २३८ युरो, व्हॅट वजा जाता २०० युरो. वाहतूक ३० युरो.

माल: २०,००० रुपये.
वाहतूक: ३,००० रुपये.
विमा: खरा आकडा कागदावर नसेल तर कस्टम मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतं, म्हणजे २२५ रुपये. हे तुमच्या खिशातून जात नाहीत, पण ड्युटी काढताना मिळवतात.
ड्युटीसाठीची किंमत: २३,२२५ रुपये.

बेसिक ड्युटी २० टक्के: ४,६४५ रुपये.
समाजकल्याण अधिभार, बेसिक ड्युटीच्या १० टक्के: ४६५ रुपये.
या सगळ्यांची बेरीज २८,३३५ रुपये. आयजीएसटी या बेरजेवर लागतो. सायकलच्या पार्टवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, म्हणून आयजीएसटी १,४१७ रुपये.

कुरियरचे क्लिअरन्स चार्जेस, समजा हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी: १,१८० रुपये.
कार्डाचं परकीय चलन शुल्क, समजा साडेतीन टक्के, अधिक त्यावरचा जीएसटी: ९५० रुपये.

तुमच्या खिशातून गेले: ३१,६५७ रुपये.

कागद दुकानाच्या नावावर असतील आणि तुम्ही नियमित जीएसटीत असाल, तर आयजीएसटीचे १,४१७ आणि कुरियरच्या बिलावरचे १८० परत क्रेडिट म्हणून मिळतात. बेसिक ड्युटी आणि अधिभाराचं क्रेडिट मिळत नाही, ते कायमचे खर्चात. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर क्रेडिट काहीच नाही, सगळा खर्च तुमचाच. नियमितवाल्याची निव्वळ किंमत झाली ३०,०६० रुपये. दहा नगांना भागा, एक नग ३,००६ रुपयांना पडला.

म्हणजे साइटवरची दोन हजारची वस्तू तीन हजारला पडली, दीडपट. आणि यात तुमचा वेळ धरलेला नाही.

अजून एक ओळ बाकी आहे, जी कोणी लिहीत नाही. दहातला एक नग खराब निघाला, चुकीचा आला किंवा प्रवासात वाकला तर? परत पाठवायचा खर्च वस्तूच्या किमतीइतका होतो, म्हणून बहुतेक वेळा तो नग कपाटातच राहतो. मी पहिल्यापासूनच दहाऐवजी नऊने भागतो. ३,३४० रुपये.

आता डीलर बत्तीसशे सांगतोय तो आठवा. तो तीन दिवसांत देतो, वॉरंटी देतो, एक-दोन नगही देतो आणि ओळख झाली तर पंधरा दिवसांची उधारीही देतो. सांगा, महाग कोण?

पैसा किती दिवस अडकतो?

हा वेगळा मुद्दा आहे. डीलरकडून मी दोन नग घेतो, ते विकले की परत दोन घेतो. बाहेरून मागवताना वाहतूक परवडावी म्हणून दहा घ्यावे लागतात. ते विकायला पाच महिने लागले तर ३१ हजारांतला बराचसा पैसा तेवढे दिवस कपाटात बसून राहतो. तेच पैसे ट्यूब, ब्रेक शू आणि चेनमध्ये असते तर त्या काळात दोन-तीनदा फिरून आले असते. प्रत्येक फेरीत नफा थोडा असतो, पण तो दर फेरीला मिळतो. छोट्या दुकानाचं भांडवल फिरतं राहिलं पाहिजे. नगामागे नफा किती, याआधी तो नग किती दिवसांत जातो हे विचारा.

कागद कोणाच्या नावावर?

इथे अजिबात शॉर्टकट नको.

स्वतःच्या वापरासाठी मागवायला आयात-निर्यात कोड लागत नाही. त्या मालाला कस्टममध्ये वेगळं शीर्षक आहे, ९८०४, आणि दरही वेगळा. तुमच्या स्वतःच्या सायकलसाठी सॅडल मागवलीत तर ती या रस्त्याने येते. पण विकण्यासाठी मागवत असाल तर आयईसी काढा. डीजीएफटीच्या वेबसाइटवर अर्ज होतो, सरकारी फी ५०० रुपये आहे, आणि नंबर म्हणजे तुमचा पॅनच असतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ती माहिती ऑनलाइन अपडेट करावी लागते, बदल काही नसला तरी. विसरलात तर कोड बंद होतो आणि नेमका तेव्हाच माल विमानतळावर असतो.

त्यानंतर बँकेत जा. आयातीचे पैसे कोणत्या पद्धतीने पाठवायचे आणि एडी कोडचं काय, हे ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या. कुरियर कंपनीला आयईसी आणि जीएसटी नंबर आधीच कळवून ठेवा. माल आला की तुमच्या नावाने बिल ऑफ एन्ट्री भरली जाते. तिच्यावर तुमचा जीएसटी नंबर आहे ना, हे डोळ्यांनी बघा. आयजीएसटीचं क्रेडिट त्याच कागदावर मिळतं. हा नंबर नसेल तर कर भरूनही क्रेडिट हातचं जातं.

दोन सल्ले तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. दोन्ही ऐकू नका. एक, "गिफ्ट म्हणून लिहायला सांग." डिसेंबर २०१९ पासून पोस्ट किंवा कुरियरने गिफ्ट म्हणून ड्युटी न भरता माल आणणं बंद झालंय. सूट आहे ती फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. दोन, "इन्व्हॉइसवर किंमत कमी लिहायला सांग." तो कस्टम कायद्याखाली गुन्हा आहे. माल जप्त होऊ शकतो, दंड होऊ शकतो, आणि आयईसीवर एकदा डाग पडला की पुढचं प्रत्येक पार्सल उघडून बघितलं जातं.

अजून एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आयात केलेली पॅकबंद वस्तू किरकोळ विकताना पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनली, एमआरपी अशी माहिती लागते. पॅकबंद वस्तूंचे २०११ चे वैधमापन नियम आहेत आणि आयातदार म्हणून त्यात नोंदणीही करावी लागते. वैधमापनवाले दुकानात येतात तेव्हा "साइटवरून मागवलंय साहेब" हे उत्तर चालत नाही.

काही वस्तू सुरुवातीला टाळाच. टायरमध्ये हवा भरायच्या गॅसच्या छोट्या नळकांड्या आणि लिथियम बॅटरीचे दिवे, कारण विमानात त्यांना निर्बंध आहेत. वायरलेस सायकल कॉम्प्युटर, सेन्सर किंवा वायरलेस गिअर, कारण रेडिओ लहरी वापरणाऱ्या उपकरणांना दूरसंचार खात्याची मान्यता लागते. सायकलचे रिफ्लेक्टर, कारण त्यांच्यावर बीआयएसचा गुणवत्ता आदेश आहे.

पार्ट बसणार आहे का?

आता माझी सगळ्यात महागडी चूक. सायकलच्या पार्टमध्ये नावं फसवतात, आकडे फसवत नाहीत. म्हणून ऑर्डरआधी आकडा मागायचा.

टायर घ्या. आपल्या काळ्या सायकलीला २८ चा टायर लागतो, पाकिटावर २८ बाय दीड. त्याच्या रिमचा खरा व्यास ६३५ मिलिमीटर. जर्मन साइटवर २८ इंची म्हणून जो टायर दिसतो त्याचा व्यास बहुतेक वेळा ६२२ असतो, म्हणजे आपण ज्याला ७०० सी म्हणतो तो. तेरा मिलिमीटरचा फरक, आणि टायर रिमवर चढतच नाही. २६ चं तर विचारूच नका. माउंटन बाइकचा २६ म्हणजे ५५९, जुन्या २६ बाय एक तीन अष्टमांशचा ५९०, आणि २६ बाय दीड म्हणजे ५८४, जो साडेसत्तावीस इंची माउंटन बाइकचा व्यास आहे! म्हणून टायरच्या बाजूवर छापलेला तीन आकडी व्यास वाचायचा, इंच विसरायचे.

बॉटम ब्रॅकेट. सगळ्यात जास्त दिसणारं इंग्लिश थ्रेडचं शेल ६८ मिलिमीटरचं असतं आणि चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा. इटालियन शेल ७० मिलिमीटरचं आणि दोन्ही कप सुलट्या आट्याचे. वरून दोन्ही सारखेच दिसतात. त्याशिवाय दाबून बसवायचे प्रकार वेगळे. कॅलिपर लावून शेल मोजल्याशिवाय ऑर्डर नाही.

कॅसेट. शिमानोची अकरा स्पीडची रोड कॅसेट बसायला फ्रीहब १.८५ मिलिमीटर जास्त लांब लागतो. लांब फ्रीहबवर दहा स्पीडची कॅसेट वॉशर टाकून बसते. उलटं मात्र सहसा होत नाही.

डिस्क ब्रेक. रोटर सहा बोल्टचा की सेंटर लॉकचा? तेल कोणतं? शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल जातं. त्यात डॉट फ्लुइड घातलंत तर आतली सील खराब होतात, आणि ब्रेकचा प्रश्न हा गिऱ्हाइकाच्या जिवाचा प्रश्न असतो.

डिरेलर आणि शिफ्टरचं माझं झालंच. स्पीडचा आकडा जुळला म्हणजे जोडी जुळली असं नसतं. पार्टवर कोरलेला मॉडेल नंबर वाचा, कंपनीच्या कंपॅटिबिलिटी तक्त्यात शोधा, मगच पैसे भरा. हे तक्ते फुकट मिळतात.

मग मी कधी मागवतो?

आज माझा नियम असा आहे. रोज विकणारा माल, म्हणजे ट्यूब, टायर, केबल, ब्रेक शू, साध्या चेन, फ्रीव्हील, हे सगळं लुधियानाचा माल ठेवणाऱ्या होलसेलरकडून किंवा इथल्या डिस्ट्रिब्युटरकडून. त्यात परदेशाचा विचारच करत नाही.

बाहेरून मागवतो तो फक्त इथे मिळतच नाही असा पार्ट. जुन्या विदेशी सायकलचा विशिष्ट कप, बंद झालेल्या मालिकेचा शिफ्टर, वेगळ्या मापाचा स्पोक. तोही स्टॉकसाठी नाही, गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर. पूर्ण खर्चाचा कागद त्यांच्यासमोर ठेवतो. साइटची किंमत, ड्युटी, कुरियर, माझं मार्जिन, सगळं. निम्मे पैसे आगाऊ घेतो आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून देतो: अंदाजे किती दिवस, कस्टममध्ये उशीर झाला तर तो माझ्या हातात नाही, आणि पार्ट बसला नाही तर जबाबदारी कोणाची. मोजमाप मी घेतलं असेल तर जबाबदारी माझी. सुरुवातीला वाटलं होतं खर्च दाखवला की गिऱ्हाईक घासाघीस करेल. उलट लोक विश्वास ठेवतात. काही जण कागद बघून म्हणतात, "मग राहू द्या, इथलाच टाका." तेही चांगलंच आहे. मला काम मिळतं आणि त्यांची सायकल उभी राहत नाही.

एखादं गिऱ्हाईक स्वतःच मागवलेला पार्ट घेऊन आलं तर तोंड वाकडं करू नका. बसवायची मजुरी घ्या, बिल द्या. फक्त पार्ट खराब निघाला तर आपली वॉरंटी नाही, हे आधी सांगा. मजुरीत भांडवल अडकत नाही, आणि पुढच्या वेळी ऑर्डर देण्याआधी ते तुम्हाला विचारायला येतात.

ऑर्डरचं बटण दाबण्याआधी

हे सात प्रश्न वहीत लिहून ठेवा.

१. हाच पार्ट भारतात कोणाकडे आहे का? किमान तीन डीलरना फोन केला का?
२. मॉडेल नंबर आणि मापं मी स्वतः मोजून लिहिली आहेत का?
३. एचएस कोड कोणता आणि आजचा दर किती?
४. नऊने भागून एका नगाची किंमत किती पडते?
५. आयईसी चालू आहे का, आणि कुरियरकडे माझा जीएसटी नंबर आहे का?
६. हा माल किती दिवसांत विकेल, आणि तेवढे दिवस हे पैसे नसतील तर दुकानात काय कमी पडेल?
७. पार्ट खराब आला तर मी काय करणार?

सहाव्या प्रश्नावर जास्त वेळ घालवा. माझं गणित तिथेच चुकलं होतं.

त्या सहा डिरेलरपैकी पाच पुढे हळूहळू ४७०० च्याच शिफ्टरवाल्या सायकलींना, मुद्दलही न निघता गेले. एक अजून काउंटरच्या मागे खिळ्याला टांगलाय. नवीन मुलगा कामाला आला की मी आधी तो त्याच्या हातात देतो आणि मागचा नंबर वाचायला सांगतो.

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्हाला विकावासा वाटतो असा कोणताही एक पार्ट निवडा. परदेशी साइटची किंमत, तीन भारतीय डीलरचे भाव आणि वरच्या पद्धतीने काढलेली पूर्ण किंमत एका पानावर लिहा. ऑर्डर देऊ नका, फक्त हिशेब करा. कुठे अडलात तर कमेंटमध्ये पार्टचं नाव आणि तुमचे आकडे टाका, पुढच्या व्हिडिओत दोन-तीन हिशेब फळ्यावर सोडवू.